पोस्टमनच्या मुलाची सायकल

पिस्कॅटवे, २ सप्टेंबर २००६

अहो,

जय भीम. पाकीट फोडलंत, म्हणजे माझा अंदाज बरोबर निघाला. माझा फोन तुम्ही घेत नाही, कारण नंबर भूषणचा दिसतो. पण सारा जन्म पोस्टमनकी केलेला माणूस दारात आलेलं पत्र न वाचता टाकून देईल, हे काही मला पटत नाही. तेव्हा आता बसा आणि वाचा. चष्मा टीव्हीवर असेल.

मी नीट पोचले. घर स्वच्छ आहे, फ्रिजमध्ये भाजी आहे, पोरगा वाळला आहे. इथली आपली माणसं भेटायला येतात आणि पहिला प्रश्न हाच, काका का नाही आले? मी सांगते, यंदा धम्मदीक्षेचं पन्नासावं वर्ष, दीक्षाभूमीवर अलोट गर्दी होणार, पाणीवाटपाचं सगळं ह्यांच्याकडे आहे. लोक माना डोलावतात. तुम्ही तिकीट रद्द केलंत हे मी कोणाला बोलले नाही. भूषणलाही पाणीवाटपाचंच सांगितलं. तो "हो का" म्हणाला आणि माझी बॅग उचलून आत गेला. त्याला न कळायला तो काय लहान आहे.

आता तुमच्या अटीचं. शेजारच्या कांचनताईंच्या जावयाने ह्याला इथे भर पावसात सायकलवरून ऑफिसला जाताना पाहिलं आणि नागपुरात येऊन तुमच्या कानावर घातलं, त्याला दीड वर्ष झालं. आधी तुम्हाला वाटलं पोराचे हाल चाललेत. रात्रभर झोपला नाहीत. मग कळलं की गाडी दारात उभी असून हा हौसेने सायकल मारतो, सुट्टीच्या दिवशी डोंगरातसुद्धा मारतो. तेव्हा तुम्ही फोनवर म्हणालात, "मे महिन्याच्या उन्हात मी टपाल घेऊन सदरच्या गल्लीगल्लीत सायकल रेटली ती तुला रेटायला लागू नये म्हणून." तो म्हणाला, "बाबा, मला आवडतं." झालं. ती सायकल घरातून गेल्याशिवाय मला फोन करायचा नाही, म्हणालात, आणि त्यानेही केला नाही. हट्ट दोघांचा, आणि दोन्ही घरचं जेवण कडू माझं.

म्हणून काल जेवताना मी विषय काढला. बाबांसाठी तेवढी ती सायकल विकून टाक, म्हटलं. त्याला समजावायला मी विमानात बसून केवढं मोठं भाषण तयार केलं होतं. तो भाकरी मोडत होता. मोडता मोडता थांबला आणि म्हणाला, "ठीक आहे, आई. विकतो." माझं भाषण तसंच राहिलं.

तुमच्या मनासारखं होतंय. गोळ्या वेळेवर घ्या.

सुमित्रा

५ सप्टेंबर

अहो,

काल मी जे पाहिलं ते तुम्हाला कसं सांगावं याचा सकाळपासून विचार करतेय. डोंगर, दरी, पठार, असं फळ्यावर काढून दाखवण्यात माझी सगळी नोकरी गेली. पण डोंगर नीट असा मी काल पाहिला.

काल इथे सुट्टी होती. भूषण म्हणाला, "विकायच्या आधी एक शेवटची राइड मारून येतो. चलतेस?" मी म्हटलं, मी तिथे काय करू? म्हणे, खुर्ची टाकून बस. गाडीच्या पाठीमागे सायकल बांधली आणि उत्तरेकडे तासाभरावर गेलो. झाडी अशी दाट की ऊन खाली यायला जागा शोधत होतं. मधून एक पायवाट, पायवाट तरी कसली, नुसत्या मुळ्या आणि दगड. आणि त्या वाटेने माणसं सायकली घेऊन वर चढत होती. काही चालवत, काही खांद्यावर टाकून. त्यात माझ्या वयाच्या बायका होत्या. मला वाटलं वर काहीतरी असेल, विहार किंवा देऊळ. भूषणला विचारलं. म्हणाला, "वर काही नाही आई. वर जायचं आणि खाली यायचं."

मला एका सपाट जागी बसवून तो गेला. समोर एक खडक होता, आपल्या गच्चीच्या जिन्याहून उभा. त्यावरून लोक सायकलने उतरत होते. कोणी पडायचं, बाकीचे धावायचे, पडलेला उठून हसायचा. मला काही कळेना. मग त्या खडकाच्या माथ्यावर आपला भूषण दिसला. एवढासा. मी डोळे मिटणार होते, पण मिटता आले नाहीत. तो खाली आला, अहो, आणि कसा आला म्हणून सांगू. सायकल त्याच्या खाली उड्या मारत होती आणि तो तिच्यावर नुसता तोललेला होता, घाई नाही, झटापट नाही. कुठे दगड येणार, कुठे झुकायचं, हे त्या दोघांनी आधीच ठरवून ठेवल्यासारखं. माझ्यापुढे येऊन थांबला. तोंडापर्यंत चिखल. इंजिनिअरिंगला नंबर लागला तेव्हा तुम्ही आपल्या अख्ख्या इंदोरा वस्तीत पेढे वाटलेत, तेव्हाही हा असा हसला नव्हता.

मला भीती वाटायला पाहिजे होती. तसं झालं नाही. माझे हात आपोआप जोडले गेले, आणि कशासाठी जोडले ते मला अजून सांगता येत नाही. मग त्याच्या पायांकडे लक्ष गेलं. त्या पिंढऱ्या मी ओळखते, त्या तुमच्या. त्यांना आजवर किती वेळा तेल चोळलंय.

परत निघताना त्याने एक गोष्ट सांगितली. ती तुम्हाला सांगू नको म्हणाला, म्हणून सांगतेय. तो इथे आला त्या पहिल्या हिवाळ्यात, इकडे त्या मोठ्या इमारती पडल्यानंतर, त्याच्या कंपनीने त्याला बसवून ठेवलं होतं. काम नाही. दर रविवारी तो आपल्याला "काम जोरात आहे बाबा" सांगायचा ना, ते सगळं खोटं. एका खोलीत चौघं राहायचे, बाकीचे तिघं कामावर जायचे, हा भिंतीकडे बघत पडून राहायचा. कोणत्या तोंडाने सांगू, असं वाटायचं म्हणाला. बाबांनी माझ्यासाठी काय काय केलं आणि मी इथे नुसता पडलोय. तेव्हा शेजारचा एक म्हातारा घर सोडून चालला होता, त्याने गॅरेजमधलं सामान बाहेर मांडलं होतं, त्यात ही सायकल. जुनीपानी, कोणाला नको होती. ह्याने घेतली. "पहिल्या दिवशी नुसता कोपऱ्यापर्यंत गेलो," म्हणाला. "मग पुलापर्यंत. मग नदीपर्यंत. ही नसती तर माझं काय झालं असतं, मला माहीत नाही, आई."

मी म्हटलं, मग नको विकूस, मी बघते बाबांकडे. तो गाडी चालवत होता. समोर बघूनच म्हणाला, "सायकल दुसरी मिळेल. बाबा दुसरे कुठून आणू?"

म्हणजे आता विकायला तो निघालाय आणि मला नको झालंय. तुमच्याकडून काही कळेल तर बरं. पण हे पत्र तुमच्या हातात पडेपर्यंत बहुतेक सगळं आटोपलेलं असेल. फोन उचलत नाही त्याचे परिणाम भोगा.

सुमित्रा

११ सप्टेंबर

अहो,

माझ्या हातून घाण झाली. सरळच सांगते.

सायकल पूर्ण विकायची नाही, फ्रेम तेवढी विकायची, असं भूषणने ठरवलं. चाकं, ब्रेक, बाकीचे पार्ट्स त्याने मधे मधे बदललेत, त्यांना तेवढी किंमत नाही. फ्रेम म्हणजे मधला सांगाडा. तो मूळचा आहे. कॅलिफोर्नियात दोन माणसांनी एका शेडमध्ये हाताने जोडलेला, आपल्या भूषणच्या मुंजीच्या, म्हणजे आपल्यात मुंज नसते, पण त्या वयाचा तो असताना. अशा सायकली नुकत्या कुठे निघाल्या होत्या तेव्हाचा. त्याने सगळं सुटं केलं आणि नुसती फ्रेम भिंतीला टेकवून ठेवली. मी तिच्याकडे पाहतच राहिले. चार-सहा नळ्या. एवढ्यावर तो त्या खडकावरून खाली आला होता.

त्याने इंटरनेटवर फोटो टाकले आणि लोकांचे मेल यायला लागले. मला वाचून दाखवायचा. कोणी लिहितो, माझ्या भावाकडे अशीच होती, तो आता नाही. कोणी लिहितो, मला घ्यायची नाही, पण जवळून फोटो पाठवाल का? भंगारवाला फुकटसुद्धा नेणार नाही अशी ती फ्रेम, आणि परक्या माणसांनी तिच्यासाठी असं लिहावं.

फिलाडेल्फियाहून एक माणूस बघायला येतो म्हणाला. शनिवारी सकाळी. भूषण दूध आणायला गेला. मी फ्रेमकडे पाहिलं. कळकट दिसत होती. जागोजागी रंग उडालेला, एका नळीवर पिवळा पडलेला, अर्धा फाटलेला कागद चिकटलेला. आता तुम्हीच सांगा, घरातली वस्तू विकायला काढली, गिऱ्हाईक दारात येतंय, आणि वस्तू अशी? आपल्याकडे म्हैस विकायची तरी आधी धुतात, शिंगांना तेल लावतात. मी चिंच भिजत घातली, मीठ घेतलं, तारेची घासणी घेतली आणि बसले. कागद निघता निघेना, पण मी काही सोडणारी नव्हे. त्याच्याखालचा रंगही थोडा निघून आला. मग फडक्याने पुसली. लखलखीत झाली. मी खूश.

तो माणूस आला, फ्रेमपुढे गुडघ्यावर बसला, आणि त्या घासलेल्या जागेवर त्याने बोट ठेवलं. मग भूषणकडे बघून मान हलवली. तो पिवळा कागद म्हणजे ती बनवणाऱ्यांचं नाव होतं, पहिल्या दिवशी चिकटवलेलं. इतक्या वर्षांत पाऊस, बर्फ, चिखल कशाने गेलं नव्हतं. रंगही त्यांच्याच हातचा. अशा वस्तूंना जुनेपणाचीच किंमत, हे मला कुठून माहीत असणार? तो भला माणूस होता. भूषणशी हात मिळवला, मलाही नमस्कार केला, आणि रिकाम्या हाताने गेला.

भूषण मला काहीच बोलला नाही. तुमच्यासारखा ओरडला असता तर बरं झालं असतं. संध्याकाळी मीच म्हटलं, अरे, काहीतरी बोल. म्हणाला, "आई, तू चांगली दिसावी म्हणूनच केलंस ना." आणि वरण गरम करायला उठला. मला इतकं रडू आलं, अहो. त्याने नवे फोटो काढून टाकले, जसं आहे तसं. मेल यायचे थांबले.

आता ती विकली जाणार नाही असं दिसतंय. एका परीने मला बरं वाटतंय, आणि मग तुमचा चेहरा आठवतो आणि बरं वाटायचं थांबतं.

सुमित्रा

१६ सप्टेंबर

अहो,

गेली. आज सकाळी गेली.

एक बाई आल्या. लोइस नाव. साठीच्या पुढच्या, केस पांढरे, बारीक कापलेले, मनगटं बघाल तर सुताराची. जिने चढून आल्या तरी दम लागला नव्हता. नवे फोटो पाहूनच आलेल्या. मी चहा ठेवला आणि मनात म्हटलं, ह्या आता त्या जागेवर बोट ठेवणार.

त्यांनी तसं काही केलं नाही. फ्रेम मांडीवर आडवी घेतली आणि डोळे मिटून नळ्यांवरून हात फिरवला. एका ठिकाणी हात थांबला. तिथे बारीकसा खड्डा होता. त्यांनी भूषणला विचारलं, "हा कुठला?" भूषण म्हणाला, नदीकाठी, पहिल्या वर्षी, बर्फावर घसरलो. हात पुढे गेला. "आणि हा?" हा बर्फ वितळल्यावरचा, पुलाच्या कठड्याचा. "हा?" तो माझ्या आधीच्या म्हाताऱ्याचा, मला माहीत नाही. आणि मग आपला भूषण बोलायला लागला. घरात विचारलं तर हो-नाही करणारा पोरगा, तो बोलतच सुटला. चहा गार झाला. मी इंग्रजी जमेल तसं ऐकत होते, आणि माझ्याच पोराचं पाच वर्षांचं आयुष्य मला एका परक्या बाईच्या मांडीवर उलगडत होतं. खालच्या नळीवर एक मोठा पोचा आहे. तो पडला तेव्हाचा, तेव्हा त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. तुम्हाला आठवतं, एका दिवाळीच्या सुट्टीत तो येणार होता आणि ऐनवेळी प्रोजेक्टचं कारण सांगून कॅन्सल केलं? ते हे. हात गळ्यात बांधून एकटा राहिला इथे. आपण इकडे त्याला शिव्या देत होतो.

शेवटी त्यांचा हात माझ्या घासलेल्या जागेवर आला. "आणि हे?" भूषण माझ्याकडे बघायला लागला. मी पुढे झाले. म्हटलं, मी. मी क्लीन केलं. फॉर सेल. लोइसबाई माझ्याकडे बघून अशा हसल्या की मलाही हसू फुटलं. म्हणाल्या, "मग हेही हिच्याबाबतीत घडलंच की. राहू दे."

भूषण म्हणाला, भिंतीवर लावणार का? बरेच लोक घेऊन भिंतीवर लावतात. त्या म्हणाल्या, "भिंतीवर? मी चालवणार. बर्फ पडायच्या आत." तरुणपणी त्यांच्याकडे कॅलिफोर्नियाच्या त्याच दोघांनी बनवलेली एक होती, ती चोरीला गेली. तेव्हापासून शोधत होत्या. भूषणने स्वतः फ्रेम खाली नेली. गाडीत ठेवायला त्यांनी एक गोधडी आणली होती. तान्ह्या पोराला गुंडाळावं तशी दोघांनी मिळून ती गुंडाळली. मी खिडकीतून बघत होते. गाडी गेली तरी भूषण तिथेच उभा होता.

वर आला आणि म्हणाला, "बाबांना कळव." तर हे कळवते. तुमची अट पूर्ण झाली. दीड वर्षात तुम्ही जे मागितलंत ते त्याने हूं की चूं न करता दिलं. तुम्ही त्याच्याकडून काय घेतलंत, ते ५ तारखेच्या पत्रात आहे. पुन्हा लिहीत नाही. आता मीच तुमच्यावर चिडले आहे आणि फोन आधी तुम्हीच करायचा.

सुमित्रा

१८ सप्टेंबर

अहो,

काल तुम्ही फोनवर काय बोललात ते तुम्हाला माहीत आहे. पण फोनमधून इकडचं दिसत नाही, म्हणून लिहिते.

रविवारची सकाळ होती. मी पोहे परतत होते. शनिवारचं पत्र अजून पाकिटातच होतं, म्हणजे तुमचा फोन येणं शक्यच नव्हतं. फोन वाजला, भूषणने उचलला, आणि ताठ उभा राहिला. शाळेत हेडमास्तर वर्गात आल्यावर पोरं राहतात ना, तसा. "बाबा?" एवढंच म्हणाला. माझ्या हातातला झारा तसाच राहिला. मग नुसतं ऐकत होता. मग म्हणाला, "काल, बाबा. काल नेली."

त्यानंतर त्याला बोलायला मिळालंच नाही. तुमचा आवाज मला शेगडीपाशी ऐकू येत होता, शब्द कळत नव्हते. मला वाटलं, आता काय राहिलं ह्यांचं, विकली तरी ओरडतायत. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. फोन हिसकावून घ्यायलाच निघाले होते. तेवढ्यात भूषणने फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळला. डोळे भरलेले आणि तोंडभर हसू. म्हणाला, "आई, बाबा रागावलेत. म्हणतायत एवढी घाई कशाला केलीस. कोणी सांगितलं होतं विकायला, म्हणतायत."

धन्य आहे तुमची. मी तिथेच खाली बसले. पोहे करपले.

आता माझ्या लक्षात आलंय. माझं दुसरं पत्र तुम्हाला शनिवारच्या टपालात मिळालं असणार. त्या पत्रातला हिवाळा तुम्ही वाचलात. रात्र कशी काढलीत ते तुम्ही मला सांगणार नाही आणि मीही विचारणार नाही. पण तुम्ही उठलात, एसटीडी बूथवर गेलात आणि दीड वर्ष न लावलेला नंबर लावलात, तोही तुम्हीच घातलेली अट मोडायला. तुमच्याशी लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मला वाटायचं मी तुम्हाला पुरती ओळखते. मी थक्क झाले आहे, अहो. त्या खडकाखाली बसले होते तेव्हाही एवढी झाले नव्हते.

लोइसबाईंना फोन करून परत मागू का, असं मी त्याला विचारलं. नको म्हणाला, त्या चालवतील. तुमचा फोन ठेवल्यावर तो टेबलाशी बसून राहिला. मी करपलेले पोहे टाकून द्यायला निघाले तर ताट ओढून घेतलं आणि खाल्ले. खाताना मधेच थांबून म्हणाला, "पूर्वीसारखेच ओरडले, आई. मला वाटलं होतं आता कधीच ओरडणार नाहीत."

आता दर रविवारी फोन करत जा. विषय नसला तर पुन्हा रागवा. तो सकाळपासून फोनपाशी बसणार आहे.

सुमित्रा